कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यावर पोट बिघडले तर : नव्या रुग्णांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

तपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, वाढलेले निघते, डॉक्टर रोज एक गोळी लिहून देतात, आणि दोन-चार आठवड्यांत पोट फुगू लागते, शौचाला साफ होत नाही, सकाळी मळमळते किंवा उलट दिवसातून तीन-तीनदा जावे लागते. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला निर्णय होतो तो गोळी बंद करण्याचा, आणि तो डॉक्टरांना न सांगता होतो. या निर्णयाच्या आधी काय काय तपासून पाहता येते, कोणत्या क्रमाने पाहावे आणि डॉक्टरांकडे काय घेऊन जावे, हे येथे सांगितले आहे. पोटाची तक्रार खरी असते आणि तिची दखल घेतलीच पाहिजे. पण तिचे कारण दरवेळी ती गोळीच असते असे नाही, आणि गोळीच असली तरी कोलेस्टेरॉल कमी ठेवण्याचे इतके पर्याय आज हाताशी आहेत की पोट सांभाळायचे की हृदय, असा पेच फार थोड्यांवर येतो.

पायरी 1 : आधी धोक्याच्या खुणा नाहीत ना, हे पाहावे

ही पायरी सर्वांत आधी ठेवण्याचे कारण असे की कोलेस्टेरॉलची गोळी ज्यांना दिली जाते, त्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि हृदयविकाराचा झटका अनेकदा पोटाचे रूप घेऊन येतो. पोटाच्या वरच्या भागात किंवा छातीच्या मध्यभागी दडपल्यासारखे वाटणे, जळजळ, ढेकर येऊनही न सुटणारा दाब, त्याबरोबर घाम, दम लागणे, जबड्यात, पाठीत किंवा हातात जाणारी कळ, अचानक आलेला विलक्षण थकवा ही लक्षणे दिसली तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा किंवा सोडा घेत घरी थांबू नये. मधुमेह असलेल्यांत, स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्ये छातीत ठरावीक कळ न येता केवळ मळमळ आणि अस्वस्थपणा येऊ शकतो. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अशा वेळी स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नये.

दुसरी खूण यकृताची. भूक मरणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे असे काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कोलेस्टेरॉलसाठी सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांनी यकृताची विकरे (एन्झाइम) रक्तात थोडी वाढणे अधूनमधून दिसते आणि बहुधा त्याचा काही त्रास होत नाही. यकृताला गंभीर इजा होणे मात्र दुर्मीळ आहे. दुर्मीळ असले तरी ओळखता आले पाहिजे. लघवी चहाच्या काढ्यासारखी तपकिरी होऊन त्याबरोबर मांड्या, पोटऱ्या किंवा खांदे जबर दुखत असतील, तर स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडावर ताण येत असण्याची शक्यता असते आणि तेथे एक दिवसाचाही उशीर करू नये.

पोटाच्या वरच्या भागातून पाठीत आरपार जाणारी, वाकून बसल्यावर थोडी कमी होणारी तीव्र कळ आणि सततच्या उलट्या ही स्वादुपिंडाच्या सुजेची लक्षणे असू शकतात. ज्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) दर डेसिलिटरला 1000 मिलिग्रॅमच्या वर गेलेले असते, त्यांना हा धोका औषधापेक्षा मूळ विकारामुळेच अधिक असतो. डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच किंवा उलटीत रक्त दिसणे ही जठरातील रक्तस्रावाची खूण आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण हा फरक घरी ठरवत बसू नये.

वरीलपैकी काहीही नसेल, तर पुढच्या पायऱ्या शांतपणे करता येतात.

पायरी 2 : पट्टीवरचे औषधाचे नाव वाचावे

‘कोलेस्टेरॉलची गोळी’ असे एकच औषध नाही. पट्टीवर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत घटकांची नावे व मिलिग्रॅम असतात. हा बारीक मजकूर वाचून कागदावर उतरवून घ्यावा. वाचता येत नसेल तर औषधाच्या दुकानात विचारावे. पुढचे सगळे या नावावर अवलंबून आहे.

भारतात सर्वाधिक दिली जाणारी औषधे म्हणजे अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन. नावाच्या शेवटी ‘स्टॅटिन’ असलेली ही मंडळी यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारे एक विकर रोखतात; मग यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात उचलून घेते आणि रक्तातील पातळी खाली येते. या गटातील पहिले औषध, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत 1987 मध्ये मान्यता पावले, म्हणजे या औषधांचा अनुभव आता चार दशकांचा होत आला आहे. पोटाच्या बाबतीत त्यांच्यामुळे बद्धकोष्ठ, गॅस, अपचन, मळमळ, पोटदुखी आणि काही जणांना पातळ शौच अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. त्या बहुधा सौम्य असतात आणि पुष्कळांच्या बाबतीत पहिल्या काही आठवड्यांत आपोआप ओसरतात.

इझेटिमाइब हे औषध वेगळ्या ठिकाणी काम करते. ते लहान आतड्याच्या अस्तरातच कोलेस्टेरॉलचे शोषण अडवते, आणि त्याने काही जणांना जुलाब, पोटदुखी किंवा वायू सरणे असा त्रास होतो. रोसुव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब एकाच गोळीत असणेही आता सर्रास आढळते, त्यामुळे ‘स्टॅटिन बदलले तरी जुलाब थांबत नाहीत’ अशी तक्रार असेल तर दुसरा घटक पाहायला हवा.

फेनोफायब्रेट हे मुख्यतः ट्रायग्लिसराइड कमी करण्यासाठी दिले जाते. त्याने अपचन आणि पोटदुखी होऊ शकते, शिवाय पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढून पित्ताशयात खडे होण्याची शक्यता थोडी वाढते. फेनोफायब्रेट घेणाऱ्या व्यक्तीला तेलकट जेवणानंतर तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, तर गॅसच्या औषधांवर महिने न काढता सोनोग्राफी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

कोलेस्टिरामाइनची पावडर आपल्याकडे आता कमी वापरली जाते, पण ज्यांना दिली आहे त्यांच्यात पोटाच्या तक्रारींचे प्रमाण या सर्व औषधांत सर्वाधिक असते. ती रक्तात शिरतच नाही; आतड्यात राहून पित्ताम्ले धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. त्यामुळे बद्धकोष्ठ आणि पोट फुगणे जवळपास अपेक्षितच असते. ती कोरडी न घेता भरपूर पाण्यात कालवूनच घ्यावी. ती इतर औषधेही धरून ठेवते, म्हणून थायरॉइड, रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्या तिच्या किमान 1 तास आधी किंवा 4 ते 6 तासांनंतर घ्याव्या लागतात.

निकोटिनिक अॅसिड आता क्वचितच दिले जाते. मत्स्यतेलाच्या कॅप्सूलने माशाच्या वासाचे ढेकर येतात. ती जेवणाबरोबर घेतली की बरेचसे भागते.

पायरी 3 : एकाच कॅप्सूलमध्ये दुसरे औषध दडलेले आहे का, हे पाहावे

या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे ही चूक फार होते. अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनबरोबर अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये घातलेली औषधे भारतात सर्वत्र मिळतात. रुग्णाच्या लेखी ती ‘कोलेस्टेरॉलची कॅप्सूल’ असते. छातीत जळजळ, आंबट ढेकर, रिकाम्या पोटी टोचल्यासारखे दुखणे असा त्रास झाला की दोष कोलेस्टेरॉलच्या औषधाला दिला जातो. प्रत्यक्षात जठराच्या अस्तराला त्रास देणारा घटक बहुधा अॅस्पिरिन असतो.

आणि अशी कॅप्सूल आपल्या मनाने बंद करणे हे केवळ कोलेस्टेरॉल वाढण्यापुरते मर्यादित राहत नाही. ज्यांची अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवलेला आहे, त्यांच्यात रक्त पातळ ठेवणारे हे औषध अचानक थांबल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. जळजळ कितीही असली तरी ती कॅप्सूल हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नये. ते जठर सांभाळणारे औषध जोडून देऊ शकतात किंवा घटक वेगवेगळ्या गोळ्यांत विभागू शकतात, म्हणजे कोणत्या घटकाने काय होते हे कळते.

पायरी 4 : गेल्या दोन महिन्यांत आणखी काय बदलले, ते लिहून काढावे

कोलेस्टेरॉलचा अहवाल हाती आला की माणूस फक्त गोळी सुरू करत नाही. तो तळलेले बंद करतो, नाश्त्याला पोह्यांऐवजी ओट्स घेऊ लागतो, मोड आलेली कडधान्ये, जवसाची चटणी, भिजवलेली मेथी, लसणाच्या पाकळ्या हे सगळे त्याच आठवड्यात ताटात येते. तंतुमय पदार्थ वाढवणे योग्यच आहे. पण आतड्यातील जिवाणूंना ते पचवायची सवय लागायला वेळ लागतो, आणि तंतू एकदम वाढले की वायू होतो, पोट तटतटते, आणि पाणी कमी पडले तर बद्धकोष्ठही होते. माझ्या मते नव्याने औषध सुरू केलेल्यांच्या गॅसच्या तक्रारीत सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट हीच आहे. आहारातील बदल मागे घेण्याची गरज नाही. ते दोन-तीन आठवड्यांत पसरून, एका वेळी एक पदार्थ वाढवत करावेत. कडधान्ये नीट भिजवून, मोड आणून आणि शिजवून खाल्ली तर कच्ची खाण्यापेक्षा कमी त्रास होतो.

त्यानंतर बाकीची औषधे पाहावीत. मेटफॉर्मिनने मळमळ, पातळ शौच आणि तोंडाला धातूसारखी चव येणे हे अगदी नेहमीचे आहे, आणि मधुमेह व कोलेस्टेरॉल यांची औषधे अनेकदा एकाच भेटीत सुरू होतात. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेणे, मात्रा हळूहळू वाढवणे किंवा हळूहळू विरघळणारी गोळी देणे हे उपाय डॉक्टर करू शकतात. वजन आणि साखर यांसाठी दिल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे मळमळ, पोट भरल्यासारखे वाटणे आणि बद्धकोष्ठ हे अपेक्षितच असते. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्यांनी, तसेच रक्तदाबासाठी दिलेल्या व्हेरापामिलने बद्धकोष्ठ होते. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला त्रास देतात, पण त्या ‘अधूनमधून घेतो’ म्हणून यादीत येतच नाहीत. त्या यादीत लिहाव्यात.

एक गोष्ट या यादीत वेगळी नोंदवण्यासारखी आहे, ती म्हणजे थायरॉइड. थायरॉइडचे काम मंदावले की कोलेस्टेरॉल वाढते, बद्धकोष्ठ होते, वजन वाढते आणि स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. म्हणजे गोळीचे कारण आणि गोळीवर ढकललेली तक्रार या दोन्हींच्या मुळाशी एकच आजार असू शकतो. टीएसएच ही साधी रक्ततपासणी झालेली नसेल तर ती करून घेण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे; काही रुग्णांत थायरॉइडचा उपचार झाल्यावर कोलेस्टेरॉल बरेच खाली येते.

पायरी 5 : दोन आठवडे नोंद ठेवावी

एक साधी वही पुरते. रोज गोळी किती वाजता घेतली, जेवणाआधी की नंतर, रात्रीचे जेवण किती वाजता आणि काय होते, शौचाला कितीदा व कशी झाली, त्रास केव्हा सुरू झाला आणि किती वेळ टिकला, आणि त्या दिवशी दुसरे कोणते औषध, चूर्ण किंवा काढा घेतला, इतके लिहावे. त्रासाला 0 ते 10 यांपैकी एक अंक द्यावा. त्रास नसलेल्या दिवशीही लिहावे, कारण चांगल्या दिवसांची नोंद नसेल तर वाईट दिवसांचा अर्थ लागत नाही.

नोंद का हवी, याचे एक ठोस कारण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी केलेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सॅमसन’ या चाचणीत सापडते. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना त्यांनी 12 महिने तपासले. चार महिने अॅटोरव्हास्टॅटिन, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि चार महिने काहीच नाही, असा सरमिसळ क्रम होता, आणि गोळ्या असलेल्या महिन्यांत त्या खऱ्या की खोट्या, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. रोजच्या त्रासाला 0 ते 100 यांपैकी अंक द्यायचा होता. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी 8, खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4 आणि स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3 असे अंक आले. म्हणजे गोळी घेतल्यामुळे जो त्रास वाढला, त्यातला सुमारे 90 टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही झाला. चाचणी संपल्यावर स्वतःचे आकडे पाहून त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

याचा अर्थ त्रास काल्पनिक होता असा मुळीच नाही, आणि कोणी रुग्णाला ‘हे सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगू लागला तर तो या चाचणीचा गैरवापर ठरेल. त्या लोकांना खरोखरच दुखत होते. त्रास होणार या अपेक्षेने शरीराकडे बारकाईने लक्ष जाते, एरवी दुर्लक्षित राहिलेली पोटाची गुरगुर जाणवू लागते आणि चिंतेने आतड्याची हालचालही बदलते. हे कळले म्हणजे भीती थोडी उतरते, आणि ज्यांचा त्रास तरीही टिकून राहतो त्यांच्यासाठी औषध बदलण्याचा आधार भक्कम होतो.

पायरी 6 : गोळीची वेळ आणि जेवण यांची घडी बसवावी

अॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे ती दिवसातून कोणत्याही वेळी, जेवणाआधी किंवा नंतर घेतली तरी चालते. ही मोकळीक वापरावी. रिकाम्या पोटी चहाबरोबर गोळी घेऊन मळमळत असेल, तर ती नाश्त्यानंतर किंवा रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी. रात्री घेतल्यावर पोट जड वाटत असेल तर सकाळची वेळ करून पाहावी. सिम्व्हास्टॅटिन मात्र लवकर शरीराबाहेर पडते आणि यकृतात कोलेस्टेरॉल रात्री अधिक तयार होते, म्हणून ती संध्याकाळी किंवा रात्री घेण्याची पद्धत आहे. तिची वेळ विचारल्याशिवाय बदलू नये. वेळ बदलल्यावर किमान एक आठवडा तरी तीच ठेवावी आणि त्या आठवड्यात दुसरे काही बदलू नये, नाहीतर कशाने काय झाले हे कळणार नाही.

रात्री दहानंतर जेवून लगेच आडवे होण्याची सवय असेल तर घशाशी येणे, जळजळ आणि करपट ढेकर हे गोळीशिवायही होतात. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवून पाहावे.

उपवासाच्या दिवशी या गोळ्या सोडण्याचे कारण नाही, कारण त्या अन्नावर अवलंबून नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्शुलिन यांची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे. त्यांबाबत उपवासाआधीच डॉक्टरांना विचारावे. एकादशीला किंवा नवरात्रात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि तूप यांवर दिवस काढला, पाणी कमी प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी पोट साफ झाले नाही, तर तो हिशेब वहीत उपवासाच्या नावावर मांडावा. उपवासाला फळे, ताक आणि भरपूर पाणी घेतले की फरक पडतो.

पायरी 7 : पोटासाठी घेतलेले औषध गोळीच्या आड येत नाही ना, हे तपासावे

जळजळ झाली की बाटलीतले पातळ अँटासिड घेणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. त्यातील अॅल्युमिनियम व मॅग्नेशियम यांचे क्षार रोसुव्हास्टॅटिनबरोबर एकाच वेळी पोटात गेले, तर औषधाची रक्तातील पातळी जवळपास निम्म्यावर येते. असे रोज घडत राहिले तर गोळी नियमित घेऊनही अहवाल सुधारत नाही आणि डॉक्टर मात्रा वाढवतात. रोसुव्हास्टॅटिन घेतल्यावर किमान 2 तासांनी अँटासिड घ्यावे. शिवाय मॅग्नेशियमने शौच पातळ होते आणि अॅल्युमिनियमने घट्ट होते, हेही ध्यानात ठेवावे.

अॅसिडिटीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन यांची जोडी असते. पँटोप्राझोल स्टॅटिनच्या आड येत नाही. डोम्पेरिडोनमुळे मात्र हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत बिघाड होण्याचा धोका असतो आणि हृदयविकार असलेल्यांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. ज्यांना कोलेस्टेरॉलची गोळी दिली आहे, त्यांच्यातच हृदयविकार असलेले लोक अधिक, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटते.

जठरातील जंतूंसाठी दिल्या जाणाऱ्या दोन आठवड्यांच्या उपचारात क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अनेकदा असते. ते सिम्व्हास्टॅटिनबरोबर घेणे वर्ज्य आहे आणि अॅटोरव्हास्टॅटिनची पातळीही ते बरीच वाढवते, त्यामुळे स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. नायट्यासाठी महिनामहिना दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलचीही हीच गोष्ट आहे. पोटाचे डॉक्टर, त्वचेचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर वेगवेगळे असतील, तर प्रत्येकासमोर सर्व औषधांची यादी ठेवणे हे रुग्णाचेच काम होऊन बसते. ते काम मनावर घ्यावे. स्टॅटिन तेवढ्या दिवसांपुरती थांबवायची का, हे डॉक्टर ठरवतील. ग्रेपफ्रूटचा रसही सिम्व्हास्टॅटिन आणि अॅटोरव्हास्टॅटिन यांची पातळी वाढवतो. परदेशात राहणाऱ्यांना नाश्त्याला तो घेण्याची सवय असेल तर सांगावी.

बद्धकोष्ठासाठी इसबगोल हा चांगला पर्याय आहे, कारण त्याने एलडीएलही थोडे उतरते. एक ते दोन चमचे मोठ्या पेलाभर पाण्यातून घ्यावे आणि वरून आणखी पाणी प्यावे. कमी पाण्यात घेतल्यास ते घशात किंवा आतड्यात अडकू शकते. इतर औषधांपासून त्याचे साधारण 2 तासांचे अंतर ठेवावे. सोनामुखी असलेली चूर्णे एखाद्या वेळी ठीक, पण ती रोज घेत राहिल्यास पोटात मुरडा, जुलाब आणि रक्तातील पोटॅशियम कमी होणे असे नवे त्रास उभे राहतात. फसफसणाऱ्या सोड्यात सोडियम भरपूर असते, त्यामुळे रक्तदाब किंवा हृदयाचा अशक्तपणा असलेल्यांनी तो नित्याचा करू नये. जेवणानंतरचे जिऱ्याचे ताक, चिमूटभर हिंग किंवा ओवा यांना माझी काही हरकत नाही. ताकात मीठ मात्र बेताचे असावे.

‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल स्टॅटिनला पर्याय म्हणून किंवा जोडीने घेऊ नयेत. त्यातील मोनॅकोलिन के हा घटक म्हणजे लोव्हास्टॅटिनच आहे, फक्त त्याची मात्रा ठाऊक नसते.

पायरी 8 : तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांबरोबर बदल ठरवावा

वही, औषधांची यादी आणि अहवाल घेऊन गेलेल्या रुग्णाशी डॉक्टरांचे बोलणे वेगळ्या पातळीवर होते. ‘गोळी सोसत नाही’ एवढे म्हणण्याऐवजी ‘गोळी सुरू केल्यापासून नवव्या दिवशी बद्धकोष्ठ सुरू झाले, वेळ बदलून फरक पडला नाही, दुसरे औषध नवीन नाही’ असे सांगता आले तर निर्णय लवकर होतो.

पहिला पर्याय म्हणजे ठरावीक काळ गोळी थांबवून पाहणे. डॉक्टरांच्या संमतीने दोन ते चार आठवडे ती बंद ठेवतात आणि त्रास जातो का हे पाहतात. गेला तर तीच गोळी पुन्हा सुरू करून तो परत येतो का हेही पाहतात. ही दुसरी अर्धी पायरी बहुतेक लोक गाळतात, पण खरा पुरावा तिथेच मिळतो. नुकताच झटका आलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णाने हा प्रयोग हृदयरोगतज्ज्ञांच्या सांगण्याखेरीज करू नये.

दुसरा पर्याय मात्रा कमी करण्याचा. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएलमध्ये त्यामुळे आणखी साधारण 6 टक्क्यांचीच घट होते. उलट पाहिले तर 40 मिलिग्रॅमवरून 20 वर आल्याने औषधाचा बराचसा फायदा हातात राहतो. मात्रा कमी करून त्याला 10 मिलिग्रॅम इझेटिमाइब जोडले तर गमावलेली घट भरून निघून वर उरतेही.

तिसरा पर्याय म्हणजे दुसरे स्टॅटिन. एका स्टॅटिनने पोट बिघडले म्हणून दुसऱ्यानेही बिघडेलच असे नाही. अॅटोरव्हास्टॅटिनऐवजी रोसुव्हास्टॅटिन किंवा पिटाव्हास्टॅटिन करून पाहता येते. रोसुव्हास्टॅटिन दीर्घकाळ टिकणारे असल्याने काही डॉक्टर ते एक दिवसाआड घेण्यासही सांगतात. कोणतेच स्टॅटिन सोसत नसेल तर इझेटिमाइब, बेम्पेडोइक अॅसिड किंवा दोन्ही देता येतात. बेम्पेडोइक अॅसिडने यूरिक अॅसिड वाढू शकते, म्हणून ज्यांना गाउटचा (यूरिक अॅसिडमुळे सांधे सुजण्याचा) त्रास झालेला आहे त्यांनी तो आधीच सांगावा. त्यापुढे दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली घ्यायची इंजेक्शने आणि सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदाच घ्यावे लागणारे इन्क्लिसिरान हे इंजेक्शन आहे. त्यांचा मार्ग आतड्यातून जात नाही, पण किंमत मोठी आहे, त्यामुळे ती प्रत्येकाला परवडतील असे नाही.

कोणताही बदल केल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे. गोळी पूर्ण बंद राहिली तर काही आठवड्यांत एलडीएल जुन्या पातळीवर परत येते आणि ते कळून येईल असे कोणतेही लक्षण नसते. रक्तातील एलडीएल दर डेसिलिटरला 39 मिलिग्रॅमने उतरले की झटका आणि पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो, हे मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. पोट सुधारले म्हणून हा फायदा नकळत सुटू नये, यासाठी ही तपासणी असते.

स्त्रियांसाठी एक सूचना. गर्भधारणेचा विचार असेल किंवा पाळी चुकून मळमळ सुरू झाली असेल, तर ती गोळीचा परिणाम समजून थांबू नये. आधी गर्भचाचणी करावी, कारण गरोदरपणात स्टॅटिन साधारणतः बंद केले जाते.

औषधाचा दुष्परिणाम झाला असे वाटत असेल तर त्याची नोंद सरकारी पातळीवरही करता येते. गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालवल्या जाणाऱ्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे. रुग्ण स्वतः फोन करू शकतो. त्यासाठी औषधाचे नाव, मात्रा, पट्टीवरील बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख एवढी माहिती जवळ ठेवावी, आणि म्हणून औषध संपले तरी रिकामी पट्टी लगेच टाकून देऊ नये.